गोंदिया ते अमरावती विमानाने: २८० किलोमीटरला खरंच किती वेळ लागेल?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून प्रवासी सेवा त्याआधीच, २०२२ मध्ये सुरू झाली होती. एक विमानतळ पूर्व विदर्भात, एक पश्चिम विदर्भात आणि मध्ये आपलं नागपूर. त्यामुळे लोक विचारायला लागले, की आता गोंदियाहून अमरावतीला विमानाने किती वेळ लागेल? फोनवर शोधलं की उत्तर लगेच समोर येतं. अंतर साधारण २८० किलोमीटर. वेळ कुठे ३५ मिनिटं, कुठे ५०, तर कुठे तासाच्याही वर.

या दोन विमानतळांना थेट जोडणारं प्रवासी विमान मात्र नाही. मग हे आकडे येतात कुठून, त्यांत इतका फरक का आणि असं विमान सुरू झालंच तर आपला किती वेळ वाचेल, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण ‘अर्ध्या तासाचं तर अंतर आहे’ असं म्हणून विमानाची मागणी होते, आणि ती ज्या आकड्यावर उभी असते तो आकडा प्रवासाचा नसतोच.

२८० किलोमीटर कसे निघाले?

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले आहेत. बिरसी साधारण २१.५ अंश उत्तर आणि ८०.३ अंश पूर्व, बेलोरा २०.८ अंश उत्तर आणि ७७.७ अंश पूर्व. पृथ्वी गोल धरून या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर गणिताने काढलं की २८० किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. वैमानिकांच्या भाषेत हे साधारण १५० सागरी मैल होतात, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे नकाशावरची सरळ रेघ आणि प्रत्यक्षातली सरळ वाट यांत फरक पडतो हे खरं, पण तो दिल्ली-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात. गोंदिया-अमरावतीसाठी तो विसरून गेलं तरी चालेल.

ही रेघ नकाशावर ओढून बघा. ती नागपुरातल्या सोनेगावच्या आपल्या विमानतळापासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर उत्तरेकडून, म्हणजे गोरेवाडा तलावाच्या आसपासून जाते. नागपूर ते बिरसी हवाई अंतर सुमारे १३८ किलोमीटर आणि नागपूर ते बेलोरा सुमारे १४२. दोन्हींची बेरीज पुन्हा २८०च. थोडक्यात, नागपूर या वाटेच्या जवळजवळ बरोब्बर मध्यावर आहे. पुढचे बरेच प्रश्न यातूनच निघतात.

विमान त्या रेघेवरून जात नाही

गणिताची रेघ धावपट्टीच्या मध्यापासून धावपट्टीच्या मध्यापर्यंत असते. विमानाला मात्र धावपट्टी ज्या दिशेला आहे त्याच दिशेला उडावं लागतं, तेही शक्यतो वाऱ्याला सामोरं जात. बिरसीची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य आहे. अमरावती तिथून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे. वारा ईशान्येकडून येत असेल तर विमान आधी ईशान्येला, म्हणजे जवळपास उलट्या दिशेला उडेल, मग वळून पश्चिमेचा रस्ता धरेल. उतरतानाही तसंच. धावपट्टीच्या रेषेत यायला काही किलोमीटर आधीपासून वळण घ्यावं लागतं.

शिवाय वाटेत नागपूर. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हवाई मार्ग नागपूरच्या आकाशात एकमेकांना छेदतात. सोनेगावला उतरणारी आणि तिथून उडणारी विमानं असतातच, हवाई दलाचीही असतात. गोंदियाहून येणाऱ्या विमानाला नियंत्रण कक्ष सांगेल त्या उंचीवरून आणि सांगेल त्या वळणाने जावं लागेल. यामुळे २८०चे ३००-३१० किलोमीटर सहज होतात. लांबच्या प्रवासात एवढ्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र दहा टक्के वाट वाढली.

५०० चा वेग, मग ३४ मिनिटं का नाही?

छोट्या विमानतळांवर बहुतेक वेळा एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान येतं. त्यात सत्तरेक प्रवासी बसतात आणि वर गेल्यावर त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. २८० भागिले ५००, म्हणजे ३४ मिनिटं. हिशेब बरोबर आहे, पण त्यात विमान पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पूर्ण वेगात आहे असं धरलंय.

नागपुरात सीताबर्डीहून धरमपेठेला गाडी काढली की चौथा गिअर टाकेपर्यंत पुढचा सिग्नल येतो. गाडी शंभरने पळू शकते याचा तिथे काहीच उपयोग नसतो. जवळच्या हवाई प्रवासाचंही असंच आहे. वर चढताना एटीआरचा वेग ताशी ३०० ते ३५० किलोमीटरच असतो. ठरलेल्या उंचीवर पोचायला पंधराएक मिनिटं जातात. तिथे थोडा वेळ सरळ उडालं की खाली उतरण्याची तयारी सुरू. त्यात दहा हजार फुटांखाली वेगाला नियमाने मर्यादा असते आणि धावपट्टीजवळ आल्यावर वेग आणखी कमी करावा लागतो. २८० किलोमीटरमध्ये पूर्ण वेगाने उडण्याचा काळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. त्यामुळे चाकं जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत माझ्या अंदाजाने ४० ते ४५ मिनिटं धरायला हवीत.

‘मग जेट लावा, ते ८०० ने जातं’ असं कुणी म्हणेल. एवढ्या अंतरात जेटलाही आपल्या उंचीवर जाऊन आपला वेग वापरायला सवड मिळत नाही. वाचली तर पाच-सात मिनिटं वाचतील आणि इंधन कितीतरी जास्त जळेल. जवळच्या मार्गांवर पंख्यांची विमानं दिसतात ती यामुळेच.

आता संकेतस्थळांच्या आकड्यांकडे येऊ. बरीच संकेतस्थळं सरसकट ८०० चा वेग धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास घालतात. २८० किलोमीटरला २१ मिनिटं, अधिक ३०, झाली ५१. काही संकेतस्थळं तो अर्धा तास धरत नाहीत. बिरसीला ८०० ने जाणारं विमान येतं का, बेलोऱ्याच्या धावपट्टीवर ते उतरू शकतं का, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

वेळापत्रकातली वेळ वेगळी असते

विमान कंपनी तिकिटावर जी वेळ छापते तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान उभं असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं, की मोजणी सुरू होते आणि मुक्कामी पोचून पुन्हा ठोकळे लागले, की संपते. इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, परवानगीची वाट पाहणं हे सगळं त्यात आलं.

नागपूर-मुंबईचा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आहे. हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. जेटच्या वेगाने हिशेब ५० मिनिटांचा, पण तिकिटावर साधारण दीड तास असतो. मुंबईच्या गर्दीचा वेळ त्यात आधीच धरलेला असतो.

छोट्या विमानतळावर गर्दी नसते, ही जमेची बाजू. पण अशा अनेक ठिकाणी धावपट्टीला समांतर वेगळा रस्ता नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच शेवटच्या टोकापर्यंत सावकाश जातं, तिथे जागच्या जागी पूर्ण वळतं आणि मग उड्डाणासाठी धाव घेतं. त्यात पाच-सात मिनिटं गेली. गोंदिया-अमरावती विमान सुरू झालंच, तर तिकिटावर ५५ मिनिटं ते एक तास दिसेल असं मला वाटतं.

जाताना एक वेळ, येताना दुसरी

हिवाळ्यात आपल्याकडे उंचावरचा वारा साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून त्या दिवसांत मुंबईहून नागपूरला येताना विमान लवकर पोचतं आणि जाताना थोडं जास्त वेळ घेतं. वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर ५०० ने उडणारं विमान अमरावतीकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने ४४० ने जाईल आणि गोंदियाकडे येताना ५६० ने. २८० किलोमीटरला ३८ मिनिटं आणि ३०. आठ मिनिटांचा फरक आहे, फार नाही. पण ‘या मार्गाला इतकी मिनिटं’ असा एकच पक्का आकडा का सांगता येत नाही, हे त्यातून कळतं.

घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत

विमानात बसलेल्या वेळेपेक्षा विमानाबाहेरचा वेळ जास्त आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गोंदिया शहरातून बिरसीला जायला अर्धा तास धरा. बऱ्याच कंपन्यांचा सामानाचा काऊंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. त्यामुळे दीड तास आधी पोचलेलं बरं. विमानाचा एक तास. उतरून सामान हातात यायला पंधरा मिनिटं. एटीआरचं एक बरं असतं, की त्याचा मागचा दरवाजा खाली उघडतो आणि त्याचाच जिना होतो. लोक भराभर उतरतात. पुढे बेलोऱ्याहून अमरावती शहरात जायला पुन्हा अर्धा तास. बेरीज होते पावणेचार तास.

आता रेल्वे बघा. गोंदिया आणि अमरावतीजवळचं बडनेरा, दोन्ही स्थानकं हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहेत. त्यांच्यामधलं रेल्वेचं अंतर ३०० किलोमीटरच्या थोडं वर. विदर्भ एक्सप्रेस, महाराष्ट्र एक्सप्रेस, हावडा-मुंबई मेल, अशा गाड्या रोज या वाटेने जातात. वेळेवर धावली तर जलद गाडीला साधारण पाच तास लागतात. स्थानक गावातच असतं आणि गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी पोचलं तरी चालतं. बडनेऱ्याहून अमरावतीला जाण्याचा वेळ मिळवला तर सहा तासांच्या आत माणूस घरी. रस्त्याने भंडारा-नागपूरमार्गे साधारण तेवढेच तास लागतील.

म्हणजे वाचले दीड-दोन तास, तेही विमान नेमकं आपल्याला हवं त्याच वेळी असेल तर. सकाळी अमरावतीत काम आहे आणि विमान दुपारचं आहे, किंवा ते आठवड्यातून तीनच दिवस आहे, तर हे दोन तास वाचत नाहीत, उलट एक मुक्काम वाढतो. जवळच्या प्रवासात दिवसातून किती फेऱ्या आहेत हे वेगापेक्षा महत्त्वाचं ठरतं आणि तिथे रेल्वेच्या जवळपासही कुणी येत नाही.

‘थेट नसलं तरी विमान बदलून जाता येईल ना?’

येईल, पण कसं ते बघा. बेलोऱ्याहून मुंबई सुमारे ५४० किलोमीटर. मुंबईहून हैदराबाद ६२० च्या आसपास. गोंदियाहून इंडिगोची हैदराबाद सेवा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ते अंतर सुमारे ५१५. अशा वाटेने गेलं तर सरळ २८० किलोमीटरच्या जागी सुमारे १,६८० किलोमीटर उडावं लागेल. बरोबर सहापट. मधल्या दोन विमानतळांवरचे तास वेगळेच. विमान बदलून जाणं दूरच्या गावाला परवडतं, जवळच्या जिल्ह्याला नाही.

‘नागपूर वाटेतच आहे, तिथे थांबा द्या’

कल्पना म्हणून ही पटण्यासारखी आहे, आणि नागपूरला तिचा इतिहासही आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईहून टपालाची विमानं रात्री नागपूरला येत, इथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत जात. चारही शहरं नागपूरपासून लांब असल्यामुळे ते गणित जमत होतं.

गोंदिया-नागपूर-अमरावतीत मात्र १४० किलोमीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात पुन्हा चढणं, पुन्हा उतरणं, मध्ये निदान पंचवीस-तीस मिनिटांचा थांबा. विमान सगळ्यात जास्त इंधन चढताना पितं. इंजिन आणि चाकांची देखभाल तर किती वेळा चढलं-उतरलं यावरही ठरते. म्हणजे तिकीट महागणार आणि वेळ वाढणार. नागपूर-अमरावती रस्त्याने अडीच-तीन तासांचं. त्यासाठी कुणी दीड तास आधी सोनेगावला जाऊन बसणार नाही.

‘मग छोटं विमान लावा’

याला उदाहरण आहे, आणि आपल्या देशातच आहे. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं १७ आसनी डॉर्नियर विमान एप्रिल २०२२ पासून आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला प्रवासी नेऊ लागलं. तिथे मध्ये डोंगर आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मोठ्या नद्या आहेत. रस्त्याला वेळ लागतो आणि पावसाळ्यात त्याची शाश्वती नसते. अशा ठिकाणी १७ जणांचं विमानसुद्धा मोठा आधार असतो. आपल्याकडे मध्ये वैनगंगा आहे, पण तिच्यावर पूल आहेत, आणि बाजूने देशातला एक मोठा रेल्वेमार्ग आहे.

शिवाय विमान लहान झालं तरी सगळा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. दोन वैमानिक लागतातच. इंधनाचंही तेच. मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं आणि वर अर्धा तास घिरट्या घालायला पुरेल एवढं इंधन सोबत ठेवणं बंधनकारक असतं. २८० किलोमीटरच्या प्रवासात हे राखीव इंधन प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाच्या जवळपास भरतं. हा सगळा बोजा सत्तरऐवजी सतरा जणांत वाटला जातो.

मोठ्या विमानाची अडचण वेगळी. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे. एटीआरला ती पुरते. पूर्ण भरलेल्या एअरबस-३२० ला दोन किलोमीटरहून अधिक लागते. त्यात आपला मे महिना. पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि त्याच विमानाला आणखी लांब धावपट्टी लागते. ती नसेल तर माणसं किंवा सामान कमी करावं लागतं.

‘सरकार उडान योजनेत पैसे देतं की’

देतं. एप्रिल २०१७ मध्ये या योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला उडालं. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांवर अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली आणि कंपनीला पडणारी तूट भरून द्यायचं ठरलं. ही भरपाई तीन वर्षांसाठी असते. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या बळावर चालावं अशी अपेक्षा.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात पुढे काय झालं ते आलंय. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली. त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिले ते अवघे ५४. मार्ग बंद पडण्याची कारणं अनेक असतात, पण शेजारी सहा तासांत पोचवणारी स्वस्त गाडी असेल तर विमान कसं भरायचं, हा प्रश्न अनुदानाने सुटत नाही. तो तीन वर्षं पुढे ढकलला जातो.

‘म्हणजे हे विमानतळ बांधून चूक केली?’

अजिबात नाही. अमरावतीच्या माणसाला मुंबईला जायला रेल्वेत रात्र घालवावी लागते. तिथे साडेपाचशे किलोमीटरचं विमान खरोखर दिवस वाचवतं. गोंदियाहून हैदराबादचंही तसंच. अंतर पाचशे किलोमीटरच्या पुढे गेलं की विमानाला आपला वेग वापरायला जागा मिळते आणि जमिनीवर गेलेले अडीच-पावणेतीन तास वसूल होतात. म्हणून मला मनापासून वाटतं, की गोंदिया आणि अमरावतीसाठी भांडायचं तर पुणे, दिल्ली, बेंगळुरूसाठी भांडावं, रोजच्या आणि सोयीच्या वेळेच्या विमानासाठी भांडावं. आणि गोंदिया-बडनेरा जोडणीसाठी रेल्वेकडे जावं. या वाटेवर गाडी वेळेवर आणणं हे विमान आणण्यापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगाचं आहे.

मग ते ३५-४० मिनिटं कुणासाठी खरी?

ज्यांच्यासाठी विमान थांबून असतं त्यांच्यासाठी. हवाई रुग्णवाहिकेला काऊंटर नसतो, वेळापत्रक नसतं. रुग्ण आला, परवानगी मिळाली की ती निघते. तिथे सरळ रेघेचं अंतर आणि विमानाचा वेग यांना खरा अर्थ आहे, आणि दोन्ही टोकांना सुस्थितीतली धावपट्टी असणं हीच मोठी गोष्ट आहे.

दुसरे, बिरसीला विमान चालवायला शिकणारी मुलं-मुली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी निदान ३०० सागरी मैलांचं एक लांब उड्डाण करावं लागतं आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावं लागतं. बिरसी ते बेलोरा आणि परत, हे अंतर तेवढंच भरतं, मध्ये आणखी एका ठिकाणी उतरायचं तेवढं राहतं. ताशी १२० सागरी मैलांनी जाणाऱ्या प्रशिक्षण विमानाला एका बाजूचा प्रवास सव्वा तासाचा. उड्डाणाआधी विद्यार्थी नकाशावर तीच रेघ ओढतात, त्या दिवसाचा वारा त्यात मिळवतात, वळणं आणि राखीव इंधन धरतात आणि मगच आपली वेळ लिहितात.